आशाताई घरी आल्या की खरं बोला

बाळंतिणीच्या घरी माणसांचा राबता असतो. आत्या येते, मावशी येते, शेजारच्या काकू डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन येतात आणि प्रत्येकीजवळ एखादा सल्ला असतोच. याच दिवसांत खांद्याला पिशवी अडकवून आणखी एक बाई दारात येतात. बाळाला हात लावण्याआधी त्या साबण आणि पाणी मागतात. सेलूकडचं खेडं असो की हिंगणघाटातली कामगारवस्ती, त्यांना सगळे आशाताई म्हणतात. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते त्यांच्याविषयी, आणि त्यांच्यापासून आपण घरातली माणसं जे लपवतो त्याविषयी.

"बाळ अंगावर पितं ना नीट?" ताई विचारतात. "हो, पितं की," आजी सांगून टाकतात. सून खाली मान घालून बसलेली असते. पहिल्या दिवशीचा चीक जड पडेल म्हणून पिळून टाकलेला असतो. सकाळी मधाचं बोट चाटवलेलं असतं. रात्री किरकिर केली म्हणून गुटी उगाळून दिलेली असते. घरात हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त ताईंना सांगायचं नाही असं न बोलताच ठरलेलं असतं. वजन करायचं म्हटलं तर "आज राहू द्या, आत्ताच डोळा लागला त्याचा." मनात मात्र दृष्ट लागायची धास्ती. आणि वजन कमी भरलंच तर हळूच, "ताई, तेवढं वहीत लिहू नका ना."

मला ही भीती कळते. दारात वही घेऊन येणारी माणसं एरवी वसुलीला येतात नाहीतर चौकशीला. वही दिसली की आपण सावध होतो, आणि बाळाच्या बाबतीत तर आईला जरासं कुणी काही बोललं तरी ते जिव्हारी लागतं. पण ताईंच्या वहीतला आकडा तुमचे मार्क नाहीत. जन्मतः अडीच किलोच्या आत भरलेल्या बाळाला जास्त ऊब लागते, जास्त वेळा पाजावं लागतं, आंघोळीची घाई करून चालत नाही आणि ताईंनाही त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं. आकडा लपवला की हे सगळंच हुकतं. पहिल्या काही दिवसांत बहुतेक बाळांचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दहा-पंधरा दिवसांत ते पुन्हा भरून येतं. त्यात कुणाच्या दुधाचा दोष नसतो. हे ताई तुम्हाला सांगतीलच, पण त्यासाठी आधी बाळ वजनाच्या झोळीत ठेवू द्यायला हवं.

या भेटीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण बघणाऱ्याला त्यात काहीच घडताना दिसत नाही. ताई बाळाचं झबलं वर करतात, घड्याळ हातात धरतात आणि पोटाकडे एकटक बघत राहतात. पूर्ण एक मिनिट. त्या श्वास मोजत असतात. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच दोन-चार क्षण थांबल्यासारखा होतो, मग भरभर चालतो. म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही. आकडा साठ किंवा त्याहून जास्त आला तर त्या पुन्हा पहिल्यापासून मोजतात. दुसऱ्यांदाही तेवढाच आला, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असला, तर ते न्युमोनियाचं किंवा रक्तात जंतू पसरल्याचं लक्षण असू शकतं आणि बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं लागतं. बाळ रडत असलं किंवा पीत असलं तर हा आकडा चुकतो. तेव्हा ताई मोजायला बसल्या की टीव्ही बंद करा, गप्पा थांबवा, बाळ शांत होईपर्यंत त्यांना बसू द्या. मग त्या काखेत थर्मामीटर लावतात, नाळ बघतात, तळपाय हातात घेऊन गार आहेत का ते बघतात, तळवे पिवळे दिसतात का तेही बघतात. तेव्हा त्यांच्या शेजारी बसून बघा आणि शिका. पुढची भेट काही दिवसांनी असते. मधल्या रात्री तुम्हालाच काढायच्या असतात.

ही पद्धत आपल्या विदर्भातच घडली, याचा मला अभिमान आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९०च्या दशकात खेड्यांतल्या बायकांना हेच शिकवलं: नवजात बाळ कसं तपासायचं, श्वास कसा मोजायचा, ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि वेळ आली तर औषध कसं सुरू करायचं. त्यांना तिथे आरोग्यदूत म्हणतात. तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात मृत्यू, शेजारच्या तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी भरले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला आणि २०११ मध्ये देशभरच्या आशांच्या कामात घरच्या घरी नवजात बाळाची काळजी आली. तुमच्या घरी ताई ज्या दिवशी येतात ते दिवसही तेव्हापासून ठरलेले आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. सिझेरियन होऊन उशिरा घरी आलात तर फेऱ्या सातव्या दिवसापासून. सुरुवातीच्या फेऱ्या दाट आहेत, कारण नवजात बाळांचे बहुतेक मृत्यू पहिल्या आठवड्यातच होतात.

आता आपल्याकडची खरी अडचण सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. पोरगी सातव्या-आठव्या महिन्यात आर्वीहून समुद्रपूरला जाते, तिथून बाळंत होऊन सव्वा महिन्याने, कधी तीन महिन्यांनी सासरी परतते. सासरच्या ताईंच्या वहीत तिचं नाव असतं, पण ती गावात नसते. माहेरच्या ताईंच्या गावात ती असते, पण वहीत नाव नसतं. ज्या सहा आठवड्यांत बाळाला सगळ्यात जास्त जपायचं, नेमके तेच दिवस दोन गावांच्या मध्ये हरवतात. यावर उपाय अगदी साधा आहे आणि तो घरच्यांच्याच हातात आहे. माहेरी जाताना माता-बाल संरक्षण कार्ड बॅगेत आठवणीनं घाला आणि सासरच्या ताईंचा नंबर सोबत न्या. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं किंवा भावानं तिथल्या आशाताईंना सांगून यावं, की आमची लेक आली आहे, अमुक तारीख दिली आहे. परत निघतानाही दोन्हीकडे कळवावं. डोहाळजेवणाला आपण पन्नास जणांना फोन करतो, त्यात हे दोन फोन जास्तीचे.

कपाशीच्या वेचणीला आलेल्या आणि वीटभट्टीवर राहणाऱ्या कुटुंबांचंही असंच होतं. तुमच्या शेतावर, तुमच्या भट्टीवर तान्हं बाळ घेऊन कुणी आलं असेल तर ताईंना तेवढी खबर द्या. त्या बाळाचं कार्ड कुठल्या गावचं आहे यानं काही अडत नाही. आणि वर्ध्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, खासगी दवाखान्यात बाळंत झालेल्या मंडळींना वाटतं की आशा आपल्यासाठी नाहीत, त्या गरिबांसाठी आहेत. बालरोगतज्ज्ञाची पुढची तारीख महिन्याभरानं असते. रात्री तीनला बाळाचे हातपाय गार लागतात तेव्हा एमबीए झालेला बापही तितकाच घाबरतो. शहरातही आशा आहेत. त्यांना घरात येऊ द्या.

घरी जाऊन बाळंतिणीची विचारपूस करणं हे काम जगात जुनं आहे. इंग्लंडात मँचेस्टर आणि सॅलफर्डच्या गरीब वस्त्यांत १८६२ साली कामगार घरांतल्याच बायकांना नेमून ते सुरू झालं. आपल्या वर्धा जिल्ह्याचंही याच्याशी जुनं नातं आहे. डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला कस्तुरबांच्या नावानं जो दवाखाना उभा केला, तो सुरुवातीला बायका-मुलांसाठीच होता. त्यातून १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था झाली. तिथे डॉक्टर व्हायला आलेली पोरं पहिल्याच वर्षी एखाद्या गावात शिबिराला राहतात, प्रत्येकाला काही घरं नेमून दिली जातात आणि पुढे तो विद्यार्थी त्या घरांत जात राहतो. याच संस्थेतल्या डॉ. उल्हास जाजूंनी सुगीत ज्वारी देऊन आरोग्याचा विमा उतरवायची योजना गावकऱ्यांसोबत चालवली. २००३ पासून काही वर्षं आंजी, गौळ आणि तळेगाव या तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीतल्या साठाहून अधिक गावांत मुलांच्या जगण्यासाठी गावसमित्यांच्या हाती कारभार देऊन काम झालं. तुमच्यापैकी कुणाची आई किंवा सासू त्या बैठकांना बसली असेल. त्यांना विचारा, सांगतील.

बेचाळीस दिवस झाले की ताईंचं येणं संपत नाही. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात त्यांनी यावं असं ठरलं आहे. सहाव्या महिन्याची भेट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, कारण इथे आपली घरं हमखास घसरतात. सहा महिने आईच्या दुधावर गुटगुटीत झालेलं लेकरू सातव्या-आठव्या महिन्यापासून बारीक होऊ लागतं आणि आपण म्हणतो, दात येत आहेत. खरं कारण बहुतेक वेळा वाटीत असतं. आपण त्याला वरणाचं वरचं पाणी पाजतो. ते पिवळंधमक दिसतं, बाळ आवडीनं पितं, पोट भरतं. पण डाळ तर खाली पातेल्यातच राहिली. तुरीचं घट्ट वरण घ्या, त्यात मऊ भात किंवा पोळी कुस्करा, नाहीतर ज्वारीच्या कण्या शिजवून घ्या, वरून चमचाभर तेल किंवा तूप सोडा. चमचा तिरपा केला तर पटकन ओघळू नये एवढं घट्ट. पपई, अंडं, पालक, जे घरात असेल ते बोटांनी मऊ करून द्या. बाळाची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे त्यानं नेमकं किती खाल्लं ते कळतं. आणि आईचं दूध चालूच ठेवा. ताई लोहाचं सिरप देतात तेही कपाटात तसंच पडून राहू देऊ नका. आठवड्यातून दोनदा, दर वेळी एक मिली. हगवण लागली तर ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या त्यांच्याकडेच मिळतात. हगवण दोन दिवसांत थांबली तरी झिंक चौदा दिवस द्यायचं असतं. ते मध्येच सोडलं असेल तर तसंच सांगा. "दिल्या सगळ्या गोळ्या" असं खोटं सांगून बाळाचा काहीच फायदा नाही.

खाण्याइतकीच खेळाची गोष्ट. जमैकात किंग्स्टन शहरात १९८०च्या दशकात वाढ खुंटलेल्या मुलांच्या घरी आरोग्य कार्यकर्त्या दर आठवड्याला जात आणि आईला बाळाशी बोलायला, घरातल्याच वस्तूंनी खेळायला शिकवत. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी ती मुलं कमावती झाली तेव्हा, तशाच पण अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. आपल्याकडे सेवाग्रामच्या संस्थेनं युनिसेफ आणि राज्याच्या बालविकास यंत्रणेबरोबर 'आरंभ' हा उपक्रम उभारला, तो याच विचारावर. त्यात अंगणवाडी ताई तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या घरी जातात, गावात पालक मेळावे घेतात, आणि आईबरोबर बापानं, आजी-आजोबांनीही बाळाशी कसं खेळावं ते करून दाखवतात. त्यासाठी दुकानातलं खेळणं लागत नाही. डब्यात चार तुरीचे दाणे घालून झाकण घट्ट लावलं की खुळखुळा होतो (झाकण मात्र खरंच घट्ट हवं, दाणा नाकात गेला तर पंचाईत). कांदे निवडताना "हा मोठा, हा बारका" असं बोलत राहा. मोबाइल हातात दिल्यावर बाळ शांत बसतं खरं, पण मोबाइल त्याच्या हुंकाराला उत्तर देत नाही, तुम्ही देता.

कार्डावर कोणत्या महिन्यात बाळ काय करू लागतं त्याची चित्रं आहेत. शेजारणीच्या नातवाशी तुलना करून झुरण्यापेक्षा ती चित्रं बघा. मान धरायला, आवाजाकडे वळायला, आधाराशिवाय बसायला उशीर होतो आहे असं वाटलं तर "होईल मोठेपणी, याचा बाबाही उशिरानंच बोलला" असं म्हणून गप्प बसू नका. ताईंच्या कानावर घाला. लवकर कळलं तर करता येण्यासारखं पुष्कळ असतं.

आणि आयांनो, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. ताई आल्या की सगळं बाळाविषयीच चालतं. पण त्या तुमच्यासाठीही आलेल्या असतात. टाके दुखतात, अंगावरून जास्त जातं आहे, स्तनाग्राला चिरा पडल्या आहेत, बाळ जवळ घेतलं की भीती वाटते, उगाचच रडू येतं, जेवण जात नाही, कधी कधी आपण नसतो तर बरं झालं असतं असं मनात येतं. यातलं काहीही लाजेचं नाही. बाळंतपणानंतर काही आठवडे मन असं खचू शकतं. तो आजार आहे आणि तो बरा होतो. सासूबाईंसमोर बोलता येत नसेल तर "ताई, जरा मागच्या अंगणात या, टाके दाखवायचे आहेत" असं म्हणा. त्यांना इशारा कळतो. पाळणा लांबवायचा विषयही तिथेच काढता येतो. आणि फार असह्य झालं तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. सासूबाईंनाही माझी हात जोडून विनंती आहे: ताई आल्या की दहा मिनिटं सुनेला त्यांच्याजवळ एकटं बसू द्या. तुमच्या वेळी ही विचारपूस करायला कुणी आलं नाही, ते दुःख मोठं आहे. म्हणून तिलाही ती मिळू नये असं थोडंच आहे?

बाबालोकांनो, तुम्ही या भेटीला बहुधा नसताच. ताई सकाळी येतात, तुम्ही वावरात किंवा देवळीच्या एमआयडीसीत. पण दवाखान्यात न्यायचं की सकाळपर्यंत थांबायचं, गाडी कुणाची, पैसे कुठून, हे शेवटी तुम्हालाच विचारलं जातं. तेव्हा किमान एका भेटीला तरी घरी थांबा, किंवा ताईंना संध्याकाळची वेळ मागा. बाळ ओढून पीत नसेल, हातपाय ढिले पडले असतील, अंग गार किंवा तापलेलं लागत असेल, झटके येत असतील, नाळेतून पू येत असेल तर सकाळची वाट बघायची नाही, हे त्यांच्या तोंडून ऐका. १०२ आणि १०८ हे दोन नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या बाळाचे उपचार आणि तिथवर नेणं-आणणं मोफत आहे. वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष आहे.

एक गोष्ट मला सलते, ती सांगायलाच हवी. या सहा-सात फेऱ्या पूर्ण केल्या की त्या बाळामागे ताईंना मिळणारा केंद्राचा मोबदला २५० रुपये आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हाही त्या याच पैशात येतात. त्या सरकारी नोकर नाहीत, स्वयंसेविका म्हणवल्या जातात. २०२३-२४ मध्ये राज्यभरच्या आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या, आझाद मैदानात बसल्या, तेव्हा पुष्कळ घरांत "यांना आणखी किती हवं" असं बोललं गेलं. तसं बोलणाऱ्यांनी एकदा तिसऱ्या दिवसाची भेट शेजारी बसून बघावी.

ताई ठरल्या दिवशी आल्या नाहीत तर रुसून बसू नका, फोन करा. त्याच दिवशी दुसऱ्या टोकाला एखादीला कळा लागलेल्या असतील. तरीही आल्या नाहीत तर उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेला, म्हणजे आपण ज्यांना सिस्टर म्हणतो त्यांना सांगा, नाहीतर आशांच्या गटप्रवर्तक ताईंना. तिथेही कुणी दाद दिली नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे जा. भेटी झाल्याच नाहीत आणि वहीत मात्र झाल्या म्हणून लिहिल्या गेल्या, असं दिसलं तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. वहीतला खोटा आकडा कुणीही लिहिला तरी नुकसान बाळाचंच होतं. आरोग्याविषयी काही विचारायचं असेल तर १०४ वर फोन करता येतो. आणि कुणाच्या घरी पुढच्या महिन्यात बाळंतपण असेल, त्यांनी आजच कार्डाच्या मागच्या बाजूला दोन्ही गावच्या ताईंचे नंबर लिहून ठेवा. पेन्सिलीनं नको, पेननं लिहा, पेन्सिलीचं हाताळून पुसून जातं.